वहिनी, किहीम आठवतं का?

भिवपुरी,
पाडव्याचा दुसरा दिवस, १९७४

प्रिय हिरूवहिनी,

तुझी नणंद आज जाम रागावली आहे, आधीच सांगून ठेवते. काल तुझे वडील शिळफाट्याहून आले होते. चहा गार होईपर्यंत नुसते टोपीशी चाळा करत बसले. मग हळूच म्हणाले, शेलूच्या सदूचं स्थळ चांगलं आहे, रेल्वेत नोकरी आहे, माणूस सरळ आहे, पण हिरू ऐकत नाही. म्हणते, आबांना आणि आईंना काय वाटेल? आणि शकूचं लग्न व्हायचंय, वहिनीनं पाट लावून दुसरं लग्न केलं तर लोक तिला नावं ठेवतील. अगं बाई, म्हणजे माझं ओझं तू तिकडे माहेरी वाहते आहेस होय! दादाला जाऊन श्रावणात दोन वर्षं होतील. तुझं वय बावीस. आणि तू आत्तापासूनच कोपरा धरून बसायला निघालीस. पण नुसतं रागावून लिहिलं तर तू पत्र अर्ध्यात घडी घालून ठेवशील, मला तुझा स्वभाव ठाऊक आहे. म्हणून आधी दुसरंच लिहिते.

किहीम आठवतं का? तुझ्या लग्नानंतरचा पहिलाच पौष. भात झोडून कणगीत गेलं होतं आणि तू चुलीपुढं बोलून गेलीस की समुद्र कधी बघितलाच नाही. आमच्यात तरी कुणी बघितला होता? दादानं लगेच विठूचा भाजीचा टेंपो ठरवला. आणि मग आबांची बॅटरी खोलली, शेजारच्या नागूकाकांची मागून आणली, दोन्हींच्या काचा काढल्या आणि सायकलच्या ट्यूबमध्ये बसवून पाण्यात घालायचा चष्मा केला. आबांनी काय तोंडसुख घेतलं! ‘रातचा काय काजवा धरून हिंडू का रं?’ म्हणाले. निघताना दादानं परड्यातल्या पपईचे लांब देठ कापून ओल्या गोणपाटात गुंडाळून घेतले. लहानपणी पेज नदीच्या पात्रात आम्ही तसलाच पोकळ देठ तोंडात धरून पाण्याखाली लपायचो, आणि आई काठावरून आमच्या नावानं ओरडत सुटायची. दादाला तोच खेळ समुद्रात करायचा होता, तोही तुझ्यासाठी.

ओहोटी लागलेली होती. खडक उघडे पडले होते आणि खडकाखडकांत कुठं गुडघ्याइतकं, कुठं कमरेइतकं पाणी साठलं होतं, विहिरीसारखं नितळ. आईनं देवापुढं ठेवायला म्हणून एक शंख उचलून पदरात बांधला आणि घडीभरानं तो पदरातच चालायला लागला. आई अशी किंचाळली की पांढऱ्या पक्ष्यांचा थवाच्या थवा उठला. आबा मात्र गुंग झाले होते. दगडाला चिकटलेलं फुलासारखं काहीतरी होतं, बोट लावलं की मिटायचं. ते प्रत्येकाला बोट लावत फिरत होते. पाच बोटांचा मासा तर त्यांनी तळहातावर घेऊन किती वेळ बघितला. शेतातल्या खेकड्यांशी जन्म गेलेला माणूस, पण तिथले हिरवे, जांभळे खेकडे बघून म्हणाले, ‘यांना रंगवलाय कुनी?’

आणि मग तू पाण्यात गेलीस. नऊवारीचा कासोटा, डोळ्यांना दादाचा तो ध्यान चष्मा, तोंडात पपईचा देठ. मी तर हसून हसून खडकावर बसले. दादा तुझा हात धरून उभा होता. तू खाली वाकलीस आणि वर येईचनास. आई घाबरून म्हणाली, ‘पांडू, वर काढ रं तिला!’ तेवढ्यात तू पाण्यातून उसळून वर आलीस. डोक्यावरचा पदर कुठच्या कुठं, केस सुटलेले, आणि ओरडलीस, ‘आवं, खाली आख्खं गाव हाय!’ महिना-दीड महिन्याची नवी सून तू. आबांपुढं कधी मान वर केली नव्हतीस. आणि तू चक्क आबांचा दंड धरून त्यांना पाण्यात ओढलंस. पट्ट्यापट्ट्यांचे मासे हायेत, निळं बी हायेत, तुमी बघाच! मला वाटलं, आता काही खरं नाही. पण आबांनी टोपी काढून दादाच्या हातात दिली, चष्मा चढवला आणि देठ तोंडात धरून वाकले. वर आले तेव्हा मिश्यांतून पाणी गळत होतं आणि ते लहान पोरासारखे हसत होते. त्यांचं तसं हसणं मी त्याआधी बघितलं नव्हतं.

त्या नादात पाणी कधी चढलं कुणाला कळलं नाही. आपलं बोचकं, भाकऱ्या, कोरडे कपडे, सगळं खालच्या वाळूत होतं. आईनं विचारलंही होतं, पाणी वाढलं तर? तर आबा ऐटीत म्हणाले होते, ‘हितं कुठं पॉवरहाऊस हाय पानी सोडायला?’ आपल्या पेजेचं पाणी वाढतं ते पॉवरहाऊसनं सोडलं की, आणि आबांना तेवढंच ठाऊक! बोचकं गेलं वाहून. शेवटी तिथल्या वाडीतल्या कुणा सोनुबाईनं आपल्याला पोटभर भात-कालवण वाढलं. परतताना टेंपोत आपण ओल्या कपड्यांनी कुडकुडत होतो आणि कुणीतरी ‘पॉवरहाऊस’ म्हटलं की पुन्हा हसत होतो.

पुढच्या पौषात परत जाऊ, असं दादा म्हणाला होता. पुढच्या पौषात भात लांबलं. त्याच्या पुढच्या श्रावणात कावीळ झाली आणि आठ दिवसांत आपला माणूस गेला. वहिनी, मला दादा आजारातला आठवत नाही गं. तो कमरेइतक्या पाण्यात एका हातात आबांची टोपी आणि दुसऱ्या हातात तुझा हात धरून उभा आहे, तसाच दिसतो. खूप आठवण येते. तुलाही येत असणार. ती तू शेलूला गेलीस म्हणून पुसली जाणार नाही, आणि जाऊही नये.

आता कशासाठी लिहिते ते सांगते. तुझे वडील गेल्यावर आईनं त्यांची कपबशी विसळली. मग म्हणाली, पोरीला लिही, हो म्हन. पाट रात्रीचा लावतात, सुवासिनी त्या जोडप्याचं तोंड बघत नाहीत, ही रीत तिलाही ठाऊक आहे. पण ती म्हणते, माझी लेक काय चोरून जानार हाय का? अक्षय्य तृतीयेला, उन्हात, आपल्या अंगणात मांडव पडेल आणि तुला कुंकू ती स्वतः लावेल. आबा सकाळीच मांडवाच्या मेढी तोडायला गेले. आणि माझ्या लग्नाची काळजी तू सोड. ज्या घराला माझी वहिनी सुखी झालेली खपत नाही, त्या घरात मला जायचंच नाही. आईला तुझ्या हिरव्या चुड्यासाठी कर्जतच्या कासाराकडे जायचंय. तुझ्या बांगडीचं माप तिला पाठ आहे, पण म्हणते, दोन वर्षांत पोर वाळली असंल. तेव्हा नवं माप कळव.

तुझीच,
शकू