‘नये’चे ‘या’ झाल्याबाबत

प्रति,
मा. कारखाना व्यवस्थापक,
ध्रुवांश स्टॅम्पिंग्ज,
चाकण औद्योगिक वसाहत.

विषय : माझ्या नावावर दिलेली मंजुरी उद्याच्या पहिल्या शिफ्टआधी रद्द करणेबाबत.

संदर्भ : माझा ऑनलाइन अर्ज व त्यावरील आपला शेरा, ‘सूचना स्तुत्य. तात्काळ अंमल व्हावा.’

महोदय,

मी खाली सही करणारी, आपल्या दस्तऐवज कक्षाची प्रमुख, आपणांस कळवू इच्छिते की, आपण मंजूर केलेली सूचना मी केलेलीच नाही. मी लिहिले होते, ‘प्रेसवर हे पत्रक लावू नये.’ आपल्यापर्यंत पोहोचले, ‘प्रेसवर हे पत्रक लावू या.’ आपण शाबासकी दिलीत आणि बुधवारी संध्याकाळी पत्रा कापणाऱ्या प्रत्येक प्रेसवर नवे सुरक्षा पत्रक लागले. ते लागू नये म्हणून मी जिवाचा आटापिटा करत होते, आणि लागले ते माझ्याच नावाने!

१. हे कसे घडले ते सविनय मांडते. कागदपत्रे एका प्रकारातून दुसऱ्या प्रकारात बदलण्याचे काम आजवर कक्षातला आपला स्वतःचा सर्व्हर करत असे. आता तेच काम बाहेरच्या क्लाउड सेवेला देऊन पाहणे चालू आहे. आपला मराठी मजकूर अजून जुन्याच फाँटात टाइप होतो. त्या फाँटातला ‘न’ बाहेरच्या सेवेला ओळखू येत नाही, म्हणून ती तो चक्क गाळते. त्यावर तिची शुद्धलेखन तपासणी उरलेले शब्द गोड करून ठेवते. ‘नये’चे ‘ये’ होते, ‘ये’चे ‘या’ होते. कागद दिसायला अगदी स्वच्छ.

२. सुरक्षा पत्रकात पूर्वी होते, ‘प्रेस चालू असताना हात आत घालू नये. जाळी काढू नये.’ आता आहे, ‘प्रेस चालू असता हात आत घालू या. जाळी काढू या.’ मनुष्यबळ विभागाच्या रुपाली मॅडमनी भाषा किती आपुलकीची झाली म्हणून कौतुक केले. प्रेसवरचे जुने ऑपरेटर धोंडीबा मामा मात्र मला हाक मारून म्हणाले, “बाई, आमी न्हाई घालायचो. पन कंपनीच म्हनती घालू या, तर नवी पोरं काय करत्याल?” ते हसत होते. मला घाम फुटला.

३. संगणक विभागाचे दिग्विजय सर म्हणतात, “मॅडम, एका ‘न’साठी अख्खी सिस्टीम अडवायची का?” त्यांची बाजूही मला प्रामाणिकपणे मांडली पाहिजे. आपला सर्व्हर म्हातारा आहे. तो तापतो, अडतो, आणि मी रजेवर गेले की कुणाला दाद देत नाही. त्याच्यापुढे टेबलफॅन ठेवावा लागतो. क्लाउडला देखभाल नाही, वेग आहे, खर्चही आज तरी कमी आहे. इंग्रजी बिले आणि कोटेशने खुशाल तिकडे जाऊ द्यावीत. पण ग्राहकांची ड्रॉइंग गेटबाहेर पाठवायची नाहीत असा आपलाच करार आहे, त्याचे काय? आणि सर्व्हरमधला अक्षरांचा तक्ता मी स्वतः बसून भरलेला आहे. तिथे ‘न’ चुकला तर मला तो त्याच दिवशी दुरुस्त करता येतो. बाहेरच्या सेवेला तक्रार केली, तर ‘आपला अभिप्राय मोलाचा आहे’ असे उत्तर आले. तेही इंग्रजीत.

४. उद्या, शुक्रवारी, नवीन तुकडी प्रेसवर उभी राहणार आहे. तिला शिकवलेला पहिला धडा असा की, पत्रक वाचा, सही करा, लिहिले आहे तेवढेच करा. या तुकडीत माझी धाकटी बहीण मोनिका आहे. हजेरीत तिचे नाव ‘मोका’ असे आले, तेव्हा घरी आम्ही पोट धरून हसलो. आता हसू येत नाही, साहेब. ती फार आज्ञाधारक आहे. मीच तिला सांगून पाठवले आहे की पहिल्या दिवशी कुणाशी हुज्जत घालू नकोस.

५. दिग्विजय सरांना फोन केला. ते म्हणाले की, शेरा आपला आहे, तो फक्त आपणच लेखी मागे घेऊ शकता. आपला फोन लागत नाही. आज गुरुवार, साप्ताहिक सुट्टी. त्यामुळे वर कुणी नाही. कक्षाची चावी माझ्याकडे असते म्हणून मी आत आले आहे.

तरी विनंती की, मंजुरी रद्द व्हावी. सुरक्षा पत्रके व ड्रॉइंग यांचे काम आपल्याच सर्व्हरवर राहावे. आणि प्रेसवर लागणारा प्रत्येक कागद आधी एखाद्या माणसाने मोठ्याने वाचावा. हा अर्ज हाताने लिहून सुरक्षा रक्षकांकडे देत आहे. आपणही उत्तर कृपया हातानेच लिहावे. ‘लावू नये’ एवढे पुरे. ‘न’ ठळक काढावा.

मी काय केले ते खाली ‘सोबत’मध्ये नमूद आहे. त्याबद्दल जी कारवाई व्हायची ती माझ्यावर व्हावी.

आपली नम्र, पण या बाबतीत न हटणारी,
स्वरूपा मारुतराव येळवंडे
दस्तऐवज कक्ष
गुरुवार

सोबत :
१) माझ्या मूळ अर्जाची प्रत, ‘न’सह.
२) सर्व प्रेसवरची नवीन पत्रके, चिकटपट्टीसकट. एकही मागे ठेवलेले नाही.
३) प्रेस विभागाचा मुख्य स्विच बंद करून त्याला लावलेल्या कुलपाची चावी.