आतल्या खोलीतलं मशीन

चि. धाकट्यास,

तू बनवलेला गेम खेळले. ह्याला खेळ म्हणायचं? ना मारामारी, ना पॉइंट. आपल्याच जुन्या घरातून नुसतं हिंडायचं. बाहेरच्या खोलीतली खुर्चीही तू भलत्याच भिंतीला लावलीस.

पण आतल्या खोलीतून येणारा बाबांच्या शिलाई मशीनचा आवाज अस्सल आहे. पायडल कुरकुरतं, मध्येच थांबतं, म्हणजे दोरा तुटला. बाबा जायच्या आधी हे कधी टिपून ठेवलंस रे?

पहिल्यांदा मी आतलं दार ढकललं. मशीन थांबलं, खोली रिकामी, गेम संपला. अस्सा राग आला तुझा!

आता मी दाराला हातच लावत नाही. गेम तसाच चालू ठेवते आणि भाजी निवडत बसते. काल नव्या शेजारणीने विचारलं, "तुमचे मिस्टर शिवणकाम करतात का?" मी "हो" म्हटलं.

तू फोनवर विचारतोस, "आई, शेवट कसा वाटला?" मी सांगते, अजून तिथवर पोचले नाही.

हे पत्र पाठवणार नाही. वाचलंस, तर तू गेममधल्या त्या खोलीत बाबांना बसवायला जाशील. आणि ते तुला जमायचं नाही. साधी खुर्ची जमली नाही तुला.

दाराबाहेर बसलेली,
तुझी आई