पाठमोरं वल्हवताना

बाबा, मी आता खाडीत जाते. मासे धरायला नाही, नुसती वल्हवायला. तू असतास तर हातातलं जाळं मांडीवर ठेवून माझ्याकडे बघत राहिला असतास आणि मग आईला विचारलं असतंस, "ही काय बोलते गो?" तुला जाऊन पंचवीस वर्षं होऊन गेली. बाळकुमला आपलं घर होतं तिथे आता उंच इमारत आहे आणि तिच्यातच मी राहते. जवळच खाडीवर एक क्लब आहे. कोणीही यावं, शिकावं, रविवारी सकाळी भरती बघून होडी काढावी. माझी शेजारीण कॉलेजात केमिस्ट्री शिकवायची, तीच मला तिथे घेऊन गेली. "ह्या तर खाडीवरच्याच, ह्यांना काय शिकवायचं," असं ती सगळ्यांना सांगत होती आणि मी हसत होते. जन्मात एकदाही मी होडीत पाय ठेवलेला नव्हता. तू ठेवू दिला नाहीस.

मुलगी म्हणून नेत नसशील, असं वाटायचं. पण एक दुपार मला आठवते. मी नऊ-दहा वर्षांची असेन. तू स्वयंपाकघराच्या दारात उभा आहेस, छातीपासून खाली सगळा चिखल, खांद्यावर जाळं नाही. आई चहा ओतते. तू कप उचलतोस आणि तो बशीवर वाजत राहतो, थांबतच नाही. शेवटी आईने तो तुझ्या तोंडाला लावला, लहान मुलाला पाजावं तसा. मी कोपऱ्यात बसलेले तुला दिसले तेव्हा तू म्हणालास, "कुनाला सांगू नको, पोरी." काय सांगायचं नाही ते मला कळलंच नव्हतं. दुसऱ्या दिवशी तू दुसरं जाळं घेऊन पुन्हा गेलास. मी मात्र तेव्हापासून नुसती पाण्याच्या कडेला उभी राहिले तरी पायाची बोटं आत वळायची.

ह्या होड्यांत पाठमोरं बसायचं असतं, हे तुला खरं वाटणार नाही. तू आपल्या होडीत पुढे बघत उभा राहायचास. इथे चौघंजण एकामागे एक, जायचं त्या दिशेला पाठ करून, प्रत्येकाच्या हातात एक लांब वल्हं. पुढे बघतात ते फक्त आम्हाला शिकवणारे क्लबचे सर, सुकाणू धरून. मी त्यांच्या अगदी समोर बसते. काय येतंय ते त्यांना दिसतं, मला दिसतो तो मागे पडत जाणारा धक्का आणि त्यांचा चेहरा. कित्येक महिने मी तो चेहरा वाचत वल्हवलं. त्यांच्या भुवया जरा वर गेल्या की माझं वल्हं चुकायचं.

गेल्या हिवाळ्यात एका रविवारी त्या भुवया वर गेल्या आणि खाली आल्याच नाहीत. "थांबा. वल्ही पाण्यावर सपाट धरा," ते म्हणाले. आवाज शांत होता, चेहरा नव्हता. माझ्या पाठीमागून रेती वाहणारा मोठा बार्ज येत होता. इंजिनाची धडधड मला पाठीत जाणवत होती, पण मान वळवायची हिंमत होईना. बार्ज बाजूने निघून गेला आणि त्याची लाट होडीला आडवी लागली. मागे शेजारणीचं वल्हं पाण्यात अडकलं. ती "अगं" एवढंच म्हणाली, आणि आभाळ एका बाजूला गेलं.

अंगात लाईफ जॅकेट होतं. त्याने मला वर ढकललं, पण वर पालथी झालेली होडी होती. डोकं तिला आपटत होतं. काळोख, आणि तोंडात चिखलाची नि डिझेलची चव. बाहेर पडायला आधी खाली जायला हवं होतं आणि जॅकेट मला खाली जाऊ देत नव्हतं. कसंतरी होडीची कड धरून मी स्वतःला खाली ओढलं आणि बाहेर आले.

पाचही जण वर होतो, होडीला धरून. पण ओहोटी लागली होती आणि ती आम्हाला खाडीवरच्या पुलाच्या खांबांकडे नेत होती. "होडी सोडू नका. कोणीही पोहत जाऊ नका," सर पुन्हा पुन्हा सांगत होते. शेजारणीने माझं मनगट इतकं घट्ट धरलेलं की नखं रुतली. खांब मोठा होत होता. त्याला चिकटलेल्या कालवांच्या शिंपल्यांची धार मला दिसायला लागली.

तेवढ्यात गावातल्या एका म्हाताऱ्याची इंजिनवाली होडी आली. त्याने आणि त्याच्या मुलाने आम्हाला एकेक करून वर ओढलं. मी जॅकेटचे बंद सोडत बसले. म्हातारा माझ्याकडे बघत राहिला.

"कुनाची गो तू?"

मी तुझं नाव सांगितलं. त्याने सुकाणू मुलाच्या हातात दिलं. मग म्हणाला, "तुज्या बापाला पन मीच काढलेला. चिखलात रुतलेला, छातीपर्यंत. भरती चढत होती. घरी नाय का सांगितला?"

"नाही," मी म्हटलं.

"नाय सांगनार. दुसऱ्या दिवशी परत गेला ना."

घरी मीही फक्त "थोडी भिजले" एवढंच सांगितलं, पण माझ्या मुलाला क्लबकडून कळलं. "आई, बस झालं. ह्या वयात काय प्रूव्ह करायचंय तुला?" तो म्हणाला.  महिनाभर मी खाडीकडची खिडकी उघडली नाही. मग एका सकाळी शेजारणीने बेल वाजवली. "मलापण झोप लागत नाहीये. चल, नुसती धक्क्यावर बसून येऊ." आम्ही बसून आलो. पुढच्या रविवारी धक्क्याला बांधलेल्या होडीत बसलो. त्याच्या पुढच्या रविवारी सरांनी दोर सोडला आणि आम्ही दोघींनी वल्ही पाण्यात घातली.

भीती गेलेली नाही. आजही इंजिनाचा आवाज आला की पायाची बोटं आत वळतात. तुझं पोट खाडीवर होतं म्हणून तू परत गेलास. मी का जाते, ते मला नीट सांगता येत नाही.

हे लिहिलेलं कुठे पाठवायचं नाही, म्हणून एक सांगून टाकते. होडीखाली असताना मी हाक मारली ती आईला. जिला पोहता येत नव्हतं, जी खाडीत कधी घोट्याच्या वर उतरली नाही, तिला. तुझी आठवण त्या म्हाताऱ्याने विचारेपर्यंत मला आलीसुद्धा नव्हती.