तिसरी सही

ती. ताईस,

तू मुख्याध्यापिका आणि मी तुझ्या शिस्त समितीतली तिसरी सही. आज दहावीतल्या त्या मुलीला शाळेतून काढायचं होतं. तिने खेळाच्या सरांच्या कानाखाली वाजवली, हे खरं. पण 'विद्यार्थिनीचे म्हणणे' या रकान्यात ती आत येण्याआधीच 'काही नाही' लिहिलेलं होतं. ते वाचून तिने विचारलं, "बाई, मी अजून बोललेच कुठे?"

तू म्हणालीस, "आगाऊपणा पुरे."

अशा तीन कागदांवर मी याआधी न वाचता सही केली आहे. त्यातल्या एकाही मुलाचा चेहरा आठवत नाही. हा कागद मात्र माझ्या पर्समध्ये आहे. आधी तिचं ऐकून घे, मग माग.

हे पत्र तुला देणार नाही. उद्या तुझ्या केबिनमध्ये, तोंडावर सांगेन.

तुझी, यापुढे निमूट न बसणारी,
धाकटी