खुर्चीवरच्या मावशीला

सेंतेश,
२ नोव्हेंबर २०२४

प्रिय इबोयामावशी,

नमस्कार. मी केरेकेश एमेशे. नाव वाचूनच ओळखलं असेल, कारण गेल्या रविवारी रेडिओवरच्या मुलाखतीत तुम्ही ते तीनदा घेतलंत. तुमचा गुडघा आता कसा आहे? ऑपरेशननंतर जिने चढायला त्रास होतो असं म्हणालात. पंचाच्या उंच खुर्चीवर चढायचं काम तरी संपलं, तेवढाच आराम.

इकडे आमच्या क्लबात कोर्ट बंद करायची गडबड आहे. थंडीत माती फुगून रेषांच्या पट्ट्या उचलल्या जातात, म्हणून कोर्ट सांभाळणारे बांदीकाका आणि मी सकाळपासून रेषांवर विटा मांडतोय. मी डाव्या हाताने मांडते, त्यामुळे त्यांच्या दोन रांगा होतात तेव्हा माझी एक. काल सर्व संतांचा दिवस, कबरस्तानात जाऊन आले. बाबा मार्चमध्ये गेले, त्यामुळे त्यांच्या दगडावर शेवंती ठेवायचं हे पहिलंच वर्ष. गर्दी खूप होती. निम्म्या गावाने मला थांबवून विचारलं, "रेडिओ ऐकलास का गं?"

ऐकला. बांदीकाकांनीच हाक मारली होती. "ए पोरी, हातातलं टाक आणि इकडे ये, तुझी गोष्ट चाललीय." मी खारा पोगाचा बन खात खात त्यांच्या खोलीत गेले आणि अर्धा पोगाचा हातातच राहिला. तुम्ही किती छान बोलत होतात. आपल्या हंगेरियनचा रोमानियातल्या ग्यॅर्ग्योकडचा तुमचा तो हेल, शब्द लांबवायची लकब. प्रागच्या आपल्या मॅचमध्ये तुमच्या तोंडून फक्त इंग्रजी ऐकलं होतं. मॅचच्या पत्रकावर तुमचं नाव रोमानियन पद्धतीने छापलेलं, इबोयाचं वियोलेता, वियोलेता गास्पर, आणि पुढे देश रोमानिया. बाबांनी ते वाचून म्हटलं होतं, "बरं झालं, हिला आपलं ओ की ठो कळणार नाही."

तुम्ही मुलाखतीत सांगितलंत ते मला आता पाठ आहे. बाप मॅचभर पोरीला हंगेरियनमधून शिकवत होता. तेव्हा मॅच चालू असताना शिकवायला बंदी होती, तुम्ही ताकीद द्यायला हवी होती. "पण म्हटलं, आपलंच लेकरू आहे, कशाला आड यायचं? मी आपले कान बंद केले." त्यावर मुलाखत घेणारा हसला. तुम्हीही हसलात. मग म्हणालात, तीस वर्षांच्या नोकरीत एवढी गोड मॅच दुसरी नाही.

दुसऱ्या दिवशी टेनिस संघटनेचा फोन. पुढच्या शनिवारी बुडापेस्टला तुमचा सत्कार आहे, गुच्छ केरेकेश एमेशेनेच द्यायचा, लोकांचे डोळे भरून येतील. मी हो म्हटलं. गुच्छ हलका करा एवढं मात्र सांगून ठेवलंय, कारण उजव्या हातात मला दुधाची पिशवीसुद्धा पेलत नाही. फोनवरच्या मुलीला वाटलं मी थट्टा करतेय.

मावशी, कान बंद करून तुम्ही काय काय ऐकलंत ते आज दोघी मिळून आठवू या.

माझे बाबा काचघरात ढबू मिरची लावायचे. टेनिस ते टीव्हीवर शिकले. मला सहाव्या वर्षी त्यांनी काचघराच्या बॉयलरखोलीच्या भिंतीसमोर उभं केलं आणि बाराव्या वर्षापर्यंत त्या भिंतीने मला हरवलं. मग क्रोएशियात एका स्पर्धेत त्यांना शोध लागला की आपण काय बोलतो ते जगात कुणालाच कळत नाही. त्या दिवसापासून ते मोकळे सुटले. टाळ्या वाजवत, हसतमुखाने, शाबासकीच्या सुरात ते मला वाटेल ते बोलायचे. "वा गं म्हशी, हल जरा." "शाब्बास, आईवर गेलीस, तीही अशीच अर्ध्यात पळून गेली." शेजारचे जर्मन त्यांच्या टाळ्यांत टाळ्या मिसळायचे. एकदा एक झेक बाई मॅचनंतर मला जवळ घेऊन म्हणाली, किती प्रेमळ वडील आहेत तुझे. मी तिला थँक्यू म्हटलं.

ते वाईट होते असं मी म्हणत नाही. पहाटे तीनला उठून माझ्यासाठी ब्रेडवर चरबी आणि कांदा लावून डबा भरायचे, हजार किलोमीटर ती जुनी सुझुकी हाकायचे. त्यांना माझं कौतुक होतं. ते करायची त्यांची तीच एक तऱ्हा होती आणि मी ती सोसत राहिले.

प्रागला मी एकोणीस वर्षांची होते. रँकिंग एकशे एकतीस. पात्रता फेरीतली शेवटची मॅच. ती जिंकली की आयुष्यात पहिल्यांदा मोठ्या स्पर्धेची मुख्य फेरी, आणि तिथे एक विजय मिळाला तर शंभराच्या आत. मनगट तीन आठवडे दुखत होतं, करंगळीच्या बाजूने. दुसऱ्या सेटमध्ये एका फोरहँडला आत काहीतरी सटकलं. मी फिजिओला बोलवा म्हणायला हात वर करून तुमच्याकडे वळले. तेवढ्यात बाबा टाळ्या वाजवत उभे राहिले. "छान, छान. फिजिओला बोलावलंस तर गाडीत बसायचं नाही. सेंतेशला चालत ये. टॉवेलच्या कप्प्यात दोन पांढऱ्या गोळ्या आहेत, त्या घे आणि गप खेळ."

मी हात खाली केला. गोळ्या घेतल्या.

तुमच्याबद्दल मला कळलं ते तिसऱ्या सेटच्या सुरुवातीला. एका चेंडूचा वण बघायला तुम्ही खुर्चीवरून खाली उतरलात आणि मातीवर वाकलात. बाबा प्रेमळ आवाजात म्हणाले, "बघ गं एमेशे, केवढी मोठी, हिच्या बुडाखाली आपलं अख्खं काचघर मावेल." मी तुमच्यापासून दोन हातांवर उभी होते. तुमचे कान लाल झाले. गळ्यापर्यंत लाल झालात तुम्ही. कुणी आपल्या भाषेत बोलल्याशिवाय माणूस असा लाल होत नाही.

मला किती आनंद झाला ते सांगते. एवढ्या सगळ्या परक्या लोकांत एक बाई अशी आहे की जिला कळतंय. आता ही ताकीद देईल. निदान फिजिओला तरी बोलावेल, पंचाला तेवढा अधिकार असतो. मी प्रत्येक गुणानंतर तुमच्याकडे बघत होते. बाबांना वाटलं मी तुमच्या निर्णयांवर चिडलेय, म्हणून त्यांनी तुम्हाला आणखी चार शिव्या घातल्या. तुम्ही गुण सांगत राहिलात. तुमचा आवाज कधी चढला नाही, पडला नाही.

मी जिंकले, सात-पाच. फोटोत मी रडताना दिसते. पेपरवाल्यांनी लिहिलं आनंदाश्रू, आणि रेडिओवर तुम्हीही तोच शब्द वापरलात. मुख्य फेरीत मी चार गेम खेळले, पाचव्यात रॅकेट हातातून गळून पडली. दोन ऑपरेशनं झाली. मग वय एकवीस ते चोवीस, रँकिंग सहाशेच्या खाली, ट्युनिशिया आणि तुर्कस्तानातल्या हॉटेलांच्या मागची कोर्टं, पाच प्रेक्षक, त्यात एक बाबा. चोविसाव्या वर्षी संपलं. संघटनेच्या वेबसाइटवर माझी कारकीर्द दीड ओळीत मावते आणि त्यातली एक ओळ प्रागची आहे.

बाबांवर मला राग धरता आला नाही. शेवटची चार वर्षं ते माझ्याच घरी होते. पाहुणे आले की पालिंकाचा पेला भरून प्रागची गोष्ट सांगायचे. "मी नसतो तर ही दुसऱ्या सेटलाच घरी आली असती." मी तेव्हा स्वयंपाकघरात असायचे. जाताना त्यांना वाटत होतं की आपण पोरीचं सोनं केलं. मी ते तसंच जाऊ दिलं. बाबा, दुखतंय, हे दोन शब्द मी त्यांना एकोणिसाव्या वर्षीही बोलले नाही आणि तिसाव्या वर्षीही नाही. तो दोष माझा. तो कुणावर ढकलायला हे पत्र लिहिलेलं नाही.

पण तुमचा मला राग येतो. बाबांचा येत नाही तेवढा येतो. रविवारपासून मी त्या रागाचं कारण स्वतःलाच खोटं सांगतेय. कधी म्हणते, तुम्ही नियम मोडलात म्हणून. कधी म्हणते, रेडिओवर हसलात म्हणून. या पत्रातही तीन पानं इकडचं तिकडचं लिहून झालं. तुम्ही ताकीद दिली नाहीत हे मी एव्हाना माफ केलं असतं. रोमानियाच्या पासपोर्टवर हंगेरियन बाई खुर्चीत बसते, कुणी पक्षपाताचं बोट दाखवलं की नोकरी गेली. ही भीती मला समजते.

पण तिसऱ्या सेटमध्ये पाच-चार झाल्यावर आम्ही दोघी खेळाडू बाकड्यांवर बसलो होतो. प्रतिस्पर्धी मुलगी तुमच्या त्या बाजूला, मी या बाजूला. मी टॉवेल तोंडावर धरला आणि त्याच्या आडून आपल्या भाषेत बोलले. "मावशी, माझा हात गेलाय. मला थांबता येत नाही. तुम्ही थांबवा."

तुमच्या माझ्यात पाच फुटांचं अंतर होतं. तुम्ही काहीतरी लिहीत होतात, ते पेन थांबलं. मी टॉवेल थोडा खाली केला तेव्हा तुम्ही माझ्याकडेच बघत होतात. मग तुम्ही मान वळवलीत, माइक तोंडाशी ओढलात आणि म्हणालात, "टाइम."

नव्वद सेकंदांची ती विश्रांती मला घड्याळाशिवाय मोजता येते, लहानपणापासूनची सवय आहे. "टाइम" म्हणायला अजून वीस सेकंद शिल्लक होते.

मुलाखतीत एवढंच सांगायचं राहून गेलं तुमचं. शनिवारी माइक पुन्हा तुमच्यासमोर असेल. गुच्छ देऊन झाला की मी खाली उतरणार नाही, तुमच्या शेजारीच उभी राहीन. तुम्ही सांगितलंत तर मी गप्प बसेन. नाही सांगितलंत तर मी सांगेन, आणि त्या सभागृहात आपली भाषा सगळ्यांना कळते.

तुम्ही ऐकलेली,
केरेकेश एमेशे