खेळातलं स्टिअरिंग

जळगाव, गुरुवार

प्रिय धनसिंग,

पाकिटावरचं अक्षर ओळखून तू हे पत्र न वाचताच फाडशील, अशी मला भीती वाटते. फाडलंस तर माझं काही म्हणणं नाही, पण आधी वाच. दोन वर्षं आपण बोललो नाही. कुंदाच्या दहाव्याला चाळीसगावात सगळ्या भाऊबंदांसमोर मी म्हणालो होतो, की धनसिंगनं जीपच्या स्टिअरिंगचं काम कच्चं केलं, ऐन वेळी ते अडकलं, म्हणून माझी बायको गेली. तू मान खाली घालून उभा होतास. पुष्पावहिनींनी आणलेला भाकरीचा डबा मी तसाच परत पाठवला. तुला हे आठवतच असणार, मी कशाला सांगतो आहे.

मी हल्ली भूपेंद्रकडे जळगावला असतो. तो पाइपच्या कारखान्यात, सून ज्योत्स्नाही नोकरीला. दिवसभर मी एकटा. गॅस बंद केला का, कडी लावली का, चार-चार वेळा बघतो. जीप भंगारात गेली, पण हात गप्प बसत नाहीत. जेवताना मी ताटाची कड धरून फिरवतो, असं ज्योत्स्ना म्हणते. ते बघून भूपेंद्र म्हणाला, "आबा, कॉम्प्युटरवर गाडी चालवायचे खेळ असतात. त्याला खऱ्यासारखं स्टिअरिंग मिळतं. घरात बसून चालवा, कुणाला लागायची भीती नाही." पोरगं चांगल्या मनानं बोललं. मी मात्र ताट तसंच ठेवून उठलो.

गेल्या रविवारी त्यानं मला दुकानात नेलं. तिथल्या नवीनभाऊंनी तीन स्टिअरिंगं टेबलावर लावून दाखवली. माझा गोंधळ उडाला. पहिलं अगदी हलकं. आत रबर असावं, सोडलं की फटकन मधे येतं. अर्धा वळसाही घेत नाही, आणि पायाशी दोनच पेडल, क्लच नाही. मी म्हटलं, हे जत्रेतल्या पाळण्यातल्या मोटारीचं आहे, परत ठेवा. दुसऱ्यात मोटर होती. ते अडीच वळसे फिरतं, खड्ड्यात चाक गेलं की हाताला हिसका बसतो. तिसरं पट्ट्यावर चालणारं, लोण्यासारखं मऊ, आवाज नाही. पण दुसऱ्या-तिसऱ्याला वजनदार टेबल पाहिजे, आमचं प्लास्टिकचं सरकून जाईल. शिवाय गिअरचा दांडा उजवीकडे लावलेला. मी विचारलं, हा परदेशातल्या लोकांचा का? नवीनभाऊ हसले, म्हणाले, "आबा पक्के ड्रायव्हर दिसतात." आणि दांडा काढून डावीकडे लावून दिला.

तू तिथं असतास तर दोन बोटांनी फिरवून सांगितलं असतंस, कोणतं ढिलं, प्ले जास्त असलेलं, आणि कोणतं घट्ट. मला निवडता येईना. आणि खरं सांगू का, माझं लक्षही निवडण्यात नव्हतं. मी नवीनभाऊंना पुन्हा पुन्हा एकच विचारत होतो, हे चालता चालता मधेच अडकतं का? ते म्हणाले, "नाही हो, कशाला अडकेल?" तरी मी विचारत राहिलो. भूपेंद्र शेवटी वैतागून म्हणाला, "आबा, बस करा ना आता."

मग त्यांनी मला मोठ्या खुर्चीत बसवलं. समोर पडद्यांवर सगळा रस्ता. दुसरं स्टिअरिंग हातात आलं, पायाखाली क्लच आला आणि दोन मिनिटं, खोटं कशाला बोलू, मला बरं वाटलं. मी म्हटलं, "दोन पडदे लावलेत, छान रुंद दिसतं." भूपेंद्र हळू आवाजात म्हणाला, "आबा, तीन आहेत." मी मान वळवून बघितलं. डावीकडे तिसरा पडदा चालू होता. त्यावरच्या रस्त्याच्या कडेला एक मालट्रक उभा होता, आणि माझी गाडी त्यात घुसलेली होती.

मंगळवारी डोळ्यांच्या डॉक्टरकडे गेलो. काचबिंदू. डाव्या डोळ्याचं जवळजवळ सगळं गेलंय, गेलेलं परत येत नाही. कडेचं दिसणं आधी जातं आणि माणसाला पत्ता लागत नाही, असं ते म्हणाले. हे कधीपासून, असं भूपेंद्रनं विचारलं. चार वर्षं तरी झाली असतील, म्हणाले. रिक्षात तो दुसरीकडे बघत बसला होता. तेव्हापासून घरात माझ्याशी कामापुरतं बोलतो. त्याची आई होती ती.

आपल्या भाऊबंदांतला पुना मागे भेटला होता. त्यानं सांगितलं, की त्या दहाव्यानंतर तुझ्याकडे कुणी गाडी टाकेना, गॅरेजचं शटर वर्षाच्या आत कायमचं खाली आलं आणि आता तू साक्रीत जावयाच्या दुकानात बसून नटबोल्ट देतोस. तीस वर्षं लोक तुझ्याकडे स्टिअरिंगच्या कामाला धुळ्याहून यायचे. पुना सांगत होता तेव्हा मी "वाईट झालं" म्हणालो. एवढंच म्हणालो.

तुला वाटेल, म्हातारा डोळ्यांचा दाखला पुढं करून सुटायला बघतोय. मी सुटत नाही. डॉक्टरांनी मंगळवारी सांगितलं, पण मला ते अपघाताच्या सकाळीच, रस्त्यातल्या मोरीच्या पुलापाशी कळलं होतं. स्टिअरिंग अडकलं नव्हतं, धनसिंग. तू चार दिवस आधी दुरुस्त करून दिलं होतंस तसंच ते फिरत होतं. मोरीचा कठडा डाव्या अंगाला होता, कुंदा त्याच बाजूला बसली होती, आणि तिनं माझा दंड धरून ओरडून विचारलं, "अवो, तुमले दिखत नही का?" हे तिचं शेवटचं बोलणं. मी आजपर्यंत कुणालाच सांगितलं नाही, भूपेंद्रलासुद्धा नाही. पुढच्या महिन्यात तिचं दुसऱ्या वर्षाचं श्राद्ध आहे, तेच भाऊबंद जमतील. त्यांच्यासमोर मी उभं राहून हे सांगायला पाहिजे. पण मी स्वतःला ओळखतो. तोंडं बघितली की मी फिरेन, काहीतरी वेगळंच बोलेन. म्हणून हे माझ्या हातानं लिहून, खाली सही करून तुझ्याकडे पाठवतो आहे. मी गप्प बसलो, तर तू हे सगळ्यांना वाचून दाखव. भूपेंद्रला आधी.

तुझाच,
कौतिक