दारावरचा काळ्या चौकटीचा कागद

॥ श्री चंद्रमौळीश्वर प्रसन्न ॥

कुंभकोणम्, २८ मार्च १८८५

चि. तुकोजीस मीनाक्षी अक्काचे अनेक आशीर्वाद. उपरी विशेष. तंजावरास गेलास म्हणजे अक्का मेली की काय? महिना झाला, चार ओळी नाहीत. तुझ्या बायकोचा, गोमतीचा गुडघा कसा आहे ते तिनेच कोणाकरवी कळवलं, म्हणून कळलं.

आता माझी बातमी. घराची रस्त्याकडची खोली मी भाड्याने दिली, आणि कोणाला दिली ते ऐकून तू खुर्चीतून पडशील. गोऱ्याला! मालकांच्या माघारी खोली रिकामी होती आणि शाळेतले पांडुरंगराव मास्तर मध्ये पडले. माणूस इंग्रज नव्हे. बल्गेरिया म्हणून कुठला मुलूख आहे, तिथल्या डोंगरातल्या रुदेत्स नावाच्या गावचा. नाव स्तोयन. गल्लीने त्याचा तोयप्पा केला आहे. धंदा घंटा ओतण्याचा. रोज बैलगाडीने स्वामीमलैला चंद्रमौळी स्थपतीकडे मूर्ती ओतण्याआधीचं मेणकाम शिकायला जातो.

ऐकायला बरं वाटतं, पण मला हा माणूस साधा दिसत नाही. पत्र्याची एक पेटी आहे, तिची किल्ली गळ्यात. साक्कोट्टैच्या देवळाबाहेर उभा राहून घंटेचे ठोके ऐकतो आणि वहीत काहीबाही टिपतो. तुकोजी, देवळाच्या घंटेत टिपण्यासारखं काय असतं रे?

आणि गेल्या शनिवारी तर कहर केला. गहू शिजवले, वर साखर पेरली आणि दारात उभा राहून येणाऱ्याजाणाऱ्याला मूठमूठ देऊ लागला. माझ्यापुढेही वाडगा केला. आपल्या या भातखाऊ गावात गहू आणायचे कुठून, आणि ते फुकट वाटायचे कशाला? ती साखर हाडांनी साफ केलेली असते म्हणतात. हा वेष पालटलेला पाद्री आहे आणि खाऊ घालून आपल्याला बाटवणार, असं माझं मन सांगतं. कोणीही घेतले नाहीत. संध्याकाळपर्यंत उभा राहिला आणि वाडगा तसाच आत नेला. काय करू ते लिही.

मुलांना पापे. राग उतरला की लिहीनच असं म्हणू नकोस, आधी लिही.

तुझी अक्का

*

तंजावर, १६ एप्रिल १८८५

तीर्थस्वरूप गं. भा. मीनाक्षी अक्काचे सेवेशी तुकोजीचे कृतानेक साष्टांग नमस्कार वि. वि. तुझं पत्र मिळालं. गोमती म्हणते, अक्कांनी एका गोऱ्याला ठेवून घेतलं, आता त्याचं काही खरं नाही, महिन्याभरात तो पहाटे उठून सडा घालू लागेल.

पण अक्का, थट्टा पुरे. तू पाद्री म्हणतेस, मला त्याहून वाईट वास येतो. कचेरीत सध्या एकच विषय आहे. रशियाचं लष्कर अफगाण सरहद्दीला येऊन भिडलं आहे आणि लढाई होणार म्हणतात. आमच्या साहेबांनी नकाशा काढून दाखवला. बल्गेरिया हा मुलूख सात वर्षांपूर्वी रशियाच्याच फौजेने तुर्काच्या हातून सोडवला. म्हणजे हा तोयप्पा कोणाचं मीठ खात असेल ते तूच समज. एवढ्या लांबून मेणकाम शिकायला कोण येतं?

तुला माहीत आहे, शिरस्तेदाराची जागा रिकामी होते आहे आणि माझं नाव वर गेलं आहे. बहिणीच्या घरात रशियाचा हेर सापडला तर शिरस्तेदारी राहील बाजूला, असलेली कारकुनीही जाईल. तेव्हा त्याला आत्ताच हाकलू नकोस, सावध होईल. नजर ठेव. त्याच्या हातचा एखादा कागद मिळाला तर पाठव. पेटी मात्र फोडू नकोस, तुझा स्वभाव मला ठाऊक आहे.

मुलं दंडवत सांगतात. भीती आहे तेवढाच लोभही असू दे.

तुझा तुकोजी

*

कुंभकोणम्, ४ मे १८८५

चि. तुकोजीस अनेक आशीर्वाद. उपरी विशेष. पेटी फोडावी लागली नाही, कागद आपणहून बाहेर आला. सोबत आहे तो जपून पाहा.

शनिवारी सकाळी मी नदीवरून येते तो शेजारची शिवकामी धापा टाकत समोर आली. विचारते, घरावर जप्ती आली का म्हणून! पाहते तर माझ्या दारावर भला मोठा कागद डकवलेला, भोवती काळी चौकट, आत ओळीखाली ओळी. तंजावरचं राज्य खालसा झालं तेव्हा तू सात वर्षांचा होतास, तुला आठवणार नाही. आपल्या दारावर सरकारचा कागद लागला होता. आई उंबऱ्यात बसली ती तीन दिवस उठली नाही. आपल्या लोकांच्या दारावर कागद लागतो तो एकाच गोष्टीचा.

मास्तरांना बोलावलं आणि त्यांच्या तोंडून जाब विचारला. तोयप्पाने लांबलचक कहाणी सांगितली. त्याचं गाव म्हणे उंच डोंगरात, पाच महिने बर्फाखाली. घरं दगडी, आणि प्रत्येक घराच्या मागच्या भिंतीत शेजाऱ्याकडे जाणारं लहान दार, म्हणजे शिपाई पुढून आले की माणसं मागून घरोघर सरकत गल्लीच्या टोकाला निघत. गावभर घंटा ओतायचे, पण त्या मेंढ्यांच्या गळ्यातल्या. देवळात घंटा टांगायची सुलतानाची परवानगी नव्हती, तिथे फळी बडवून लोकांना बोलवायचे. मेंढीच्या गळ्यात घंटा आणि देवाला फळी! नऊ वर्षांपूर्वी गाव उठलं आणि तुर्कांच्या शिपायांनी ते जाळलं. हा तेव्हा तीन दिवसांच्या वाटेवर जत्रेत घंटा विकत होता. परत आला तर गल्लीत कोणी नव्हतं. कागदावर त्या गल्लीची अडतीस नावं आहेत, दर वर्षी त्या दिवशी लावतात, आणि गहू त्यांच्याच नावाने वाटतात, असं त्याचं म्हणणं.

मास्तरांचे डोळे भरले. माझे नाही भरले. मेलेल्याचं नाव कोणी दारावर चिकटवतं का? आपण तिथीला तीळपाण्याबरोबर हळूच घेतो. आणि इतकी माणसं गेलेला माणूस सकाळी शीळ घालत दाढी करतो? मला ही बनवाबनवी वाटते. आज तो स्वामीमलैला गेल्यावर मी पाणी लावून कागद सोडवला. कोपरा जरा फाटला. तुझ्या साहेबाला दाखव.

काळजी घे. तुझ्या शिरस्तेदारीसाठी रामस्वामीला नवस बोलले आहे.

तुझी अक्का

*

तंजावर, ९ मे १८८५

ती. अक्काचे सेवेशी सा. न. वि. वि. शाबास! तू पुरुष असतीस तर राज्य खालसा झालं नसतं.

कागद साहेबांच्या हाती दिला. लिपी रशियनांसारखीच आहे म्हणाले. अक्षर कोणाला लागेना, पण प्रत्येक ओळीच्या शेवटी आकडा आहे आणि आकडे इंग्रजीच आहेत. ३०, ६१, ४, २, १७, ५ असे. साहेब म्हणतात ही माणसांची यादी आणि प्रत्येकाकडे किती बंदुका त्याचा हिशेब. मला तर एकसष्ट बंदुका एका माणसाकडे जरा जास्तच वाटल्या, पण आपण कोण बोलणार. कागद लिपी जाणणाऱ्याकडे मद्रासला गेला आहे. तोवर पोलिस येऊन तोयप्पाला ठाण्यात नेतील. तू घाबरू नकोस, तुझं नाव कुठे येणार नाही. साहेबांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला, अक्का. सोळा वर्षांत पहिल्यांदा.

गोमतीने खीर केली. तुझ्या वाटणीची मी खाल्ली, लोभ आहेच म्हणून.

तुझा तुकोजी

*

कुंभकोणम्, २० मे १८८५

चि. तुकोजीस आशीर्वाद. त्या कागदाचं काय झालं ते आधी कळव.

तोयप्पाला नेऊन आठ दिवस झाले. त्याच्या आधीचे दिवस तुला सांगितले नाहीत, आता सांगते. मी कागद काढला त्या संध्याकाळी आला तर दार मोकळं. मला विचारलं. मी म्हटलं, शेळीने खाल्ला असेल. तुकोजी, तो शिवकामीच्या शेळीमागे गेला आणि तिचं तोंड उघडून पाहिलं. मग गटारं पाहिली, घाटाच्या पायऱ्या पाहिल्या. गल्लीतली पोरं हसत होती, मीही हसले. दुसऱ्या दिवशी पुन्हा पाहिलं, तेव्हा कोणी हसलं नाही.

काल चंद्रमौळी स्थपती इथे आला होता, त्याची चौकशी करायला. तो सांगत होता, मेणाची बारीक अक्षरं उठवून ती काशात कशी उतरवायची एवढंच तोयप्पाला शिकायचं होतं. त्यांच्या मेंढ्यांच्या घंटांवर अक्षर नसतं. आता गावात पुन्हा चार घरं उभी राहिली आहेत, देवळाला पहिली घंटा टांगायची आहे, तिच्यावर ही नावं घालायची आहेत. साक्कोट्टैला तो घंटेचा सूर टिपून घेत होता. यादी गावच्या म्हाताऱ्या भटजीने लिहून दिलेली. त्याला गल्लीतलं एकूण एक मूल ठाऊक होतं, आणि तो त्याच हिवाळ्यात गेला. दुसरी प्रत नाही. कागद गेल्यावर तोयप्पाने तीन दिवस बसून आठवून आठवून मेणात नावं घातली. एकतीस झाली. सात आठवेनात.

आणि तुझ्या साहेबाच्या बंदुका! ती वयं आहेत, चंद्रमौळीला त्याने सांगितलं होतं. येलेना तीस, ती त्याची बायको. राड्का चार, ती मुलगी.

मी काय केलं रे? कागद परत पाठव. टपालाने पाठव, माणूस पाठव, पण पाठव.

अक्का

*

तंजावर, २७ मे १८८५

ती. अक्काचे सेवेशी सा. न. वि. वि. मद्रासहून उत्तर आलं. कागदावर वर, यांचं स्मरण राहो, असं काही आहे आणि खाली नावं व वयं. तुझं म्हणणं खरं निघालं. तोयप्पाला सोडतील, पण या दिवसांत असा माणूस जिल्ह्यात नको म्हणून ३ जूनच्या बोटीने त्याला नागपट्टणम्‌हून रवाना करायचं ठरलं आहे.

कागद मागू नकोस, अक्का. तो दप्तराला शिवला गेला, त्यावर चौदा नंबर पडला, साहेबांची सही झाली. सरकारात गेलेला कागद परत येत नाही, हे आपल्या घराण्याला कोणी सांगायला हवं का? मी मागायला गेलो तर साहेब विचारतील, तुझा संबंध काय. आता आपल्याकडेच बोट दाखवायला वेळ लागणार नाही. आणि कालच मला शिरस्तेदारीचा हुकूम मिळाला. तुझा नवस फेडायला येईन.

जे झालं ते अजाणता झालं. मनाला लावून घेऊ नकोस, आणि लोभ कमी करू नकोस.

तुकोजी

*

कुंभकोणम्, ३० मे १८८५

चि. तुकोजीस आशीर्वाद. नवस मी माझा फेडीन, तू येऊ नकोस.

काल तोयप्पा पेटी न्यायला आला. शिपाई रस्त्यात उभा होता. मी मास्तरांना बोलावलं आणि सांगून टाकलं की कागद शेळीने नाही, मी नेला. मला वाटलं अंगावर धावून येईल. यावं असंच वाटत होतं. त्याने इतकंच विचारलं की मला ती नावं वाचता आली का. मी नाही म्हटलं. तेव्हा तो दाराबाहेरच्या तिण्णैवर, ओट्यावर बसला, मला समोर बसायला सांगितलं, आणि एकेक नाव सावकाश म्हणू लागला. मी मागून म्हणत गेले. माझी जीभ वळेना तिथे पुन्हा सांगितलं. गल्लीच्या टोकापासून घराघराने येत होता, मागच्या दारांनी सरकत यावं तसा. एकोणीस झाली आणि अडला. आणि तुकोजी, अडला तेव्हा त्याने माझ्याकडे पाहिलं, जसं काही पुढचं नाव मला ठाऊक आहे.

आपल्या दारावरचा कागद आईने फाडला असता तर तिला मी वाघीण म्हटलं असतं. मी फाडला तो कोणाचा?

बोट बुधवारी आहे. तू शिरस्तेदार आहेस. मला आणखी काही लिहायचं नाही.

मीनाक्षी

*

नागपट्टणम्, ३ जून १८८५

ती. अक्काचे सेवेशी तुकोजीचा साष्टांग नमस्कार वि. वि. स्टेशनच्या बाकावर बसून लिहितो आहे, अक्षर वाकडं येईल.

तुझं पत्र मिळालं. काल दुपारी साहेब जेवायला गेले तेव्हा दप्तर काढलं, चौदा नंबरचा कागद उसवला आणि फेट्यात खोचला. दप्तरात नंबर तुटून चालत नाही, हे मीच नव्या पोरांना शिकवतो. हातात दुसरा साहेबांच्या सहीचा कागद एकच होता. म्हणून माझ्या बढतीच्या हुकमावर चौदा घातले आणि तो तिथे शिवला. बाहेर येताना शिपायाने फेट्याकडे पाहिलं असं मला वाटलं. त्या क्षणापासून रस्त्यात जो दिसेल तो माझ्या पाळतीवर आहे असंच वाटतं आहे. आगगाडीत समोर एक म्हातारी पानं निवडत होती, तिच्यावरही मी संशय घेतला.

तोयप्पा धक्क्यावरच्या गोदामात पेटीवर बसला होता. मी त्याला याआधी कधी पाहिलेलं नव्हतं. माझा कचेरीचा अंगरखा पाहून उठून उभा राहिला आणि न सांगता खिसे उलटे करून दाखवू लागला. अक्का, मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. मी फेट्यातून कागद काढून दिला.

माझ्या तोंडाकडे त्याने पाहिलंच नाही. बोट ठेवून ओळी मोजल्या. एका ठिकाणी बोट थांबलं, नाव मोठ्याने वाचलं, आणि ते मूल केवढं होतं ते मला हाताने जमिनीपासून दाखवलं. मग पुढचं. त्याला न आठवलेली सात नावं, सात वेळा हात. एकदाही तो हात माझ्या कमरेच्या वर गेला नाही. मग शिपायाने हाक मारली आणि तो चढला.

उद्या साहेब दप्तर मागतील. गोमतीला अजून काही सांगितलेलं नाही, तूही लिहू नकोस. कदाचित आम्ही सगळेच तुझ्याकडे राहायला येऊ. रस्त्याकडची खोली कोणाला देऊ नकोस. माझी लाज वाटत असली तरी मला टाकू नकोस, एवढंच मागणं.

तुझा धाकटा
तुकोजी